जुन्या सिंथेसायझरची नक्कल नेमकी कोठे अडते?

विजेच्या मंडलांतून ध्वनी घडवणाऱ्या जुन्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरच्या सॉफ्टवेअर नकलांचा विषय निघाला की एक विधान हमखास कानावर येते: अ‍ॅनालॉग ध्वनी अखंड असतो, संगणकातला ध्वनी पायऱ्यापायऱ्यांचा असतो, आणि म्हणून नकलेत मूळ वाद्याची ‘ऊब’ कधीच उतरत नाही. यातला निष्कर्ष काही नकलांच्या बाबतीत खरा असतो. दिलेले कारण मात्र साफ चुकीचे आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले, म्हणजे लाटेची उंची तितक्या वेळा मोजली, तर २२,०५० हर्ट्झच्या खालच्या वारंवारतांनी बनलेली कोणतीही लाट त्या नमुन्यांवरून पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते, हे क्लॉड शॅनन यांच्या १९४९ सालच्या प्रबंधापासून सर्वज्ञात आहे. नमुन्यांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर होताना पायऱ्या गाळल्या जातात आणि कानापर्यंत गुळगुळीत लाटच पोहोचते. नक्कल अडते ती अन्य दोन ठिकाणी, आणि त्यांपैकी दुसरे मला इतके सुंदर वाटते की या लेखाचा बराचसा भाग त्यालाच दिला आहे.

येथे नक्कल म्हणजे मूळ वाद्याचे स्वर ध्वनिमुद्रित करून वाजवणे नव्हे. मंडलातील प्रत्येक भाग विजेचे काय करतो याचे समीकरण लिहायचे आणि वाजवणारा वाजवत असतानाच ते सोडवत राहायचे, असा हा प्रकार आहे. स्वीडनच्या क्लाव्हिया कंपनीचा ‘नॉर्ड लीड’ १९९५ साली आला आणि या पद्धतीला ‘व्हर्च्युअल अ‍ॅनालॉग’ हे नाव रूढ झाले. त्यात हे गणित वाद्याच्या आतली चिप करत असे. १९९७ च्या ‘रीबर्थ’ या सॉफ्टवेअरपासून तेच काम घरगुती संगणकावर होऊ लागले.

पहिली अडचण लाट निर्माण करतानाच येते. सिंथेसायझरचा आवडता कच्चा माल म्हणजे करवती लाट. ती हळूहळू चढते आणि एकदम खाली कोसळते, आणि या कोसळण्यामुळे तिच्यात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा उपस्वरांची न संपणारी रांग असते. समजा, ३,००० हर्ट्झची करवती लाट आपण एक साधी उतरंड मोजून तयार केली. तिचा सातव्या पटीचा उपस्वर २१,००० वर पडतो, तोवर सारे ठीक असते. आठव्या पटीचा २४,००० वर पडायला हवा. पण २२,०५० च्या वरचे काही नमुन्यांत मावतच नाही, त्यामुळे तो आरशातून परतल्यासारखा ४४,१०० वजा २४,०००, म्हणजे २०,१०० हर्ट्झवर उमटतो. चौदाव्या पटीचा ४२,००० चा उपस्वर याच हिशेबाने २,१०० वर येतो, म्हणजे मूळ स्वराच्याही खाली. आता स्वर किंचित वर सरकवून ३,०१० करा. चौदावा उपस्वर ४२,१४० झाला आणि त्याचे प्रतिबिंब १,९६० वर उतरले. मूळ स्वर चढतो आहे आणि त्याच्याखाली एक बारीक, बेसूर शिट्टी उतरते आहे, हे कानाला तत्काळ खटकते. यावर उपाय आहेत आणि ते चांगले आहेत: लाट जेथे कोसळते तेथे आजूबाजूचे काही नमुने मोजून-मापून गोलसर केले की वरचे उपस्वर मुळात जवळजवळ तयारच होत नाहीत. हा प्रश्न आता बहुतांशी सुटलेला आहे, म्हणून त्यावर अधिक रेंगाळत नाही.

दुसरी अडचण फिल्टरची. रॉबर्ट मूग यांनी १९६० च्या दशकात शोधलेला आणि १९७० च्या ‘मिनिमूग’ या सिंथेसायझरमुळे जगभर ऐकला गेलेला ‘लॅडर’ फिल्टर घेऊ. ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक रचलेल्या आणि दोन जोड्यांच्या मध्ये आडवा कपॅसिटर, अशी शिडीसारखी ही रचना असते. तिच्यात चार पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरी ठरावीक वारंवारतेच्या वरचा ध्वनी थोडा थोडा दाबत जाते. ही वारंवारता वाजवणारा बटणाने ठरवतो. तिला ‘कटऑफ’ म्हणतात. नेमक्या कटऑफवर प्रत्येक पायरी लाटेला चक्राच्या ४५ अंशांनी मागे ढकलते आणि तिची उंची १.४१४ पटीने कमी करते. चार पायऱ्यांनंतर लाट १८० अंश मागे पडते, म्हणजे पूर्ण उलटी होते, आणि तिची उंची एक चतुर्थांश उरते.

खरी गंमत यापुढे आहे. शिडीतून बाहेर पडलेली लाट उलटी करून पुन्हा प्रवेशद्वारापाशी मिसळली जाते. कटऑफवर ती आधीच उलटी झालेली असते, त्यामुळे दोनदा उलटून ती येणाऱ्या लाटेशी सूर जुळवूनच आत शिरते आणि नेमकी तीच वारंवारता फुगते. हा फीडबॅक चौपट केला की एक चतुर्थांश झालेली उंची पुरती भरून निघते, आणि फिल्टर बाहेरून काहीही न देता स्वतःच शिट्टी घालू लागतो. मूग फिल्टरचा सारा नखरा या चौपटीच्या अलीकडच्या काठावर असतो.

विजेच्या मंडलात हा फेरा घडायला वाट पाहावी लागत नाही. बाहेरचे व्होल्टेज आणि आतले व्होल्टेज एकाच वेळी एकमेकांना ठरवत असतात. संगणक मात्र एकामागून एक गणिते करतो. बाहेर काय पडेल हे काढायला आत काय शिरले ते हवे, आणि आत काय शिरले ते काढायला बाहेर काय पडले ते हवे. सुरुवातीच्या अनेक नकलांनी यावर एक सोपी पळवाट काढली: फीडबॅकसाठी आधीच्या नमुन्याचे उत्तर वापरायचे. एका नमुन्याचा उशीर म्हणजे सुमारे २२.७ मायक्रोसेकंद. एवढ्याने काय बिघडते?

१०० हर्ट्झला खरोखरच काही बिघडत नाही, कारण तेथे हा उशीर चक्राच्या एका अंशाहूनही कमी भरतो. पण कटऑफ १०,००० हर्ट्झवर नेला, की एक चक्र केवळ १०० मायक्रोसेकंदांचे उरते आणि तोच उशीर जवळजवळ ८२ अंशांचा होतो. शिट्टीसाठी एकंदर १८० अंश हवेत आणि त्यांतले काही आता उशीरच पुरवतो, म्हणून पायऱ्यांना कमी अंश पुरवावे लागतात, आणि कमी अंश मिळतात ते खालच्या वारंवारतेवर. हिशेब मांडला, तर बाकी सर्व निर्दोष धरूनही फिल्टर १०,००० ऐवजी सुमारे ६,३०० हर्ट्झवर शिट्टी घालतो. शिवाय तेथे शिडीने लाटेची उंची जेमतेम निम्मीच केलेली असते, म्हणून चौपट फीडबॅकची गरजच उरत नाही. दुपटीलाच तो हाताबाहेर जातो. ‘डिजिटल फिल्टर वरच्या पट्टीत कर्कश वाटतो’ या जुन्या तक्रारीचा एक मोठा भाग हा आहे.

पळवाट सोडून सरळ मार्गाने जायचे, तर तो शाळेतल्या बीजगणिताचाच आहे. बाहेरच्या अज्ञात किमतीला ‘य’ म्हणा. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना ‘य’ आला म्हणून आपण शाळेत कधी अडलो नव्हतो. सारे ‘य’ एका बाजूला घेऊन भागाकार केला की उत्तर मिळत असे. येथेही तेच करता येते, मात्र शिडी सरळ प्रमाणात वागणारी हवी. आणि ती तशी वागत नाही. ट्रान्झिस्टरची जोडी काही मिलिव्होल्टपर्यंतच प्रमाणात प्रतिसाद देते. व्होल्टेज आणखी वाढवले, तर प्रतिसाद हळूहळू दबत जाऊन एका मर्यादेशी थबकतो. या वळणाला गणितात हायपरबोलिक टॅन्जंट म्हणतात. कान ज्याला ऊब म्हणतो ती पुष्कळ अंशी या वळणातूनच येते: मोठा आवाज आत सोडला की फुगवटा आपोआप दबतो आणि नवे उपस्वर उमटतात.

सोपेपणासाठी एकच पायरी, आत येणारी किंमत १ आणि फीडबॅक दुप्पट धरला, तर आता समीकरण असे होते: ‘य’ म्हणजे (१ − २य) चा हायपरबोलिक टॅन्जंट. येथे ‘य’ एका बाजूला काढता येत नाही. अंदाजाने सुरुवात करून आलेले उत्तर पुन्हा आत घालत राहिलो, तर ०, ०.७६, −०.४८, ०.९६ असे हेलकावे वाढतच जातात. न्यूटनच्या पद्धतीत मात्र प्रत्येक अंदाजाशी वक्राचा उतार पाहून पुढची उडी ठरवतात. तीच सुरुवात केली तर ०, ०.४१४, ०.३३१, ०.३२९१, आणि झाले. तीन उड्यांत चार दशांश स्थळांपर्यंतचे उत्तर. प्रत्यक्षात चार पायऱ्यांची चार अज्ञाते एकत्र सोडवावी लागतात, नवे उपस्वर पुन्हा आरशातून परतू नयेत म्हणून नमुनेही दुप्पट-चौपट वेगाने मोजावे लागतात, आणि एकाच वेळी आठ स्वर वाजत असतील तर हे सारे आठ वेळा. टिम स्टिल्सन आणि ज्युलियस स्मिथ यांनी १९९६ साली या शिडीचे डिजिटल विश्लेषण मांडले, आणि अँटी हुओविलाइनेन यांनी २००४ साली हे वळण प्रत्येक पायरीत बसवले. त्यानंतर २०११ सालच्या ‘दिवा’ या सॉफ्टवेअरने असा फेरा त्याच क्षणी सोडवण्याचा खर्च उघडपणे वाजवणाऱ्याच्या प्रोसेसरवर टाकला.

म्हणूनच जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये ‘आत्मा’ असतो किंवा अमुक रंगाचा कपॅसिटर ध्वनीला ‘जीव’ देतो, अशी भाषा ऐकली की मला चीड येते. जो परिणाम एका समीकरणात लिहून, सोडवून, मोजून दाखवता येतो, त्याला भुताखेतांचे नाव देण्याची गरज नाही. उलट बाजूच्या जाहिरातीही तितक्याच फसव्या आहेत: पडद्यावर गंजलेले स्क्रू आणि झिजलेले लाकूड हुबेहूब रंगवल्याने आतले गणित सुधारत नाही.

एक भाग मात्र गणिताला अजून नीट गवसत नाही, आणि तो म्हणजे तापमान. या वाद्यांत एक व्होल्ट वाढवला की स्वर एक सप्तक चढतो, आणि ही दुप्पट घडवणाऱ्या ट्रान्झिस्टरला प्रत्यक्षात सुमारे १८ मिलिव्होल्टच पुरतात. पण हे १८ मिलिव्होल्ट निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतात. भरपाईची सोय केली नाही, तर एका अंश सेल्सिअसच्या फरकाने सप्तकामागे सुमारे चार सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा पंचविसावा भाग, सूर हलतो. भरपाईची सोय असूनही वाद्य सुरू केल्यावर काही वेळ सूर सरकत राहतो. बऱ्याच नकला येथे यादृच्छिक आकड्यांची एक चिमूट टाकून मोकळ्या होतात. खऱ्या वाद्यात मात्र पेटीच्या आत उष्णता एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे जात असते, त्यामुळे ऑसिलेटर, म्हणजे लाट निर्माण करणारे भाग, एकमेकांशी नाते ठेवून सरकतात. शिवाय एकाच कंपनीची, एकाच वर्षी बनलेली दोन वाद्येही सारखी सरकत नाहीत. तेव्हा नक्कल करणाऱ्याला आधी ठरवावे लागते, की समोरच्या दोन पेट्यांपैकी कोणती उघडून मोजायची.