अँजेलस

अँजेलस : रोमन कॅथलिक पंथात रोज सकाळी, दुपारी व संध्याकाळी (रूढ वेळा ६, १२ व ६) चर्चच्या घंटेबरोबर म्हणावयाची छोटी प्रार्थना. लॅटिन पाठाच्या पहिल्या शब्दावरून हे नाव पडले. प्रार्थनेप्रमाणे तिच्या घंटेलाही हेच नाव लावतात. गोव्यात ‘आमोरी’ असेही म्हणतात.

‘वरील गोष्टींकडे मन लावा, पृथ्वीवरील गोष्टींकडे लावू नका’ (बायबल, कलस्सै ३:२) हा प्रेषित पौलाचा उपदेश मठवासीयांनी दिवसाचे प्रहर वाटून, ठरलेल्या वेळी स्तोत्रपठण करून आचरणात आणला. नांगरामागच्या माणसाला किंवा चुलीपुढच्या बाईला ती सवड नव्हती आणि लॅटिन वाचताही येत नसे. अँजेलस ही त्या प्रहर-उपासनेची प्रापंचिकांच्या वाट्याला आलेली आवृत्ती मानता येते. तिला पुस्तक लागत नाही, कामाची जागा सोडावी लागत नाही. घंटा ऐकू येईल तिथे हातातले काम क्षणभर थांबवले की पुरते.

पाठात तीन वचने व त्यांची प्रतिवचने आहेत : गब्रीएल या देवदूताने येशूची माता मरिया हिला दिलेला पुत्रजन्माचा संदेश, तिने दिलेला होकार (लूक १:३८) आणि ‘शब्द देही झाला’ (देवाचे मानवरूप घेणे; योहान १:१४). प्रत्येक जोडीनंतर एकदा ‘नमो मरिया’ ही मरियेची प्रार्थना म्हणतात. शेवटची विनंती जुन्या रोमन उपासनाग्रंथांतून आली असून, आज आगमनकाळाच्या (नाताळपूर्वीच्या आठवड्यांच्या) चौथ्या रविवारच्या मिस्सातही (चर्चमधील मुख्य उपासनेतही) ती येते. घंटेचे तीन-तीन टोले तीनदा देऊन पुढे नऊ टोले किंवा सलग नाद करण्याची पद्धत आहे. पुनरुत्थानकाळात (ईस्टरनंतरच्या आठवड्यांत) अँजेलसऐवजी मरियेचे दुसरे स्तोत्र उभ्याने म्हणतात. हा पालट १७४२ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी ठरवला.

उगमाबद्दल मतभेद आहेत. पोप दुसरे अर्बन (अकरावे शतक) किंवा नववे ग्रेगरी (तेरावे शतक) यांना जनकत्व देणारी परंपरा आता ग्राह्य धरली जात नाही. एवढे मात्र बहुधा निश्चित, की तिन्ही वेळा एकदम सुरू झाल्या नाहीत. संध्याकाळची घंटा सर्वांत जुनी. संघप्रमुख बोनाव्हेन्तुरा यांच्या कारकीर्दीत फ्रान्सिस्कन या संन्यासी संघाच्या सभेने (१२६३ किंवा १२६९) रात्रीच्या अखेरच्या उपासनेची घंटा होताच ‘नमो मरिया’ म्हणण्याची शिफारस केल्याचे सांगतात. गब्रीएल संध्याकाळी आला अशी त्या काळी समजूत होती. पोप बावीसावे जॉन यांनी १३१८ मध्ये फ्रान्समधील सँत येथील या प्रथेला मान्यता दिली आणि १३२७ मध्ये ती रोममध्येही सुरू करण्यास लिहिले. घरोघरची आग झाकून ठेवण्याची सूचना देणारी नगरघंटाच पुढे प्रार्थनेची झाली, असे एक मत आहे. काही गावांत दोन्ही घंटा एकाच सुमारास होत असल्याने ते सहज पटते. परंतु मठांत उपासनेच्या आरंभी व अखेरीस त्रिवार प्रार्थनेची चाल दहाव्या शतकातील इंग्रजी मठनियमांतही आढळते आणि अभ्यासक हर्बर्ट थर्स्टन यांनी तिच्याशी जोडलेला संबंध अधिक सयुक्तिक वाटतो. तीन-तीन टोल्यांची रचनाही त्यानेच नीट उलगडते.

सकाळची घंटा चौदाव्या शतकात दिसू लागते. दुपारची सर्वांत उशिराची, आणि तिचे मूळ वेगळे दिसते. मध्य युरोपात शुक्रवारी दुपारी ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या स्मरणार्थ घंटा वाजवीत, तिचा त्यात वाटा असावा. हंगेरीत मात्र ही घंटा हंगेरीचे सेनानी हुन्यादी यानोश यांनी बेलग्रेड येथे तुर्कांवर मिळवलेल्या विजयाची मानतात. हे कालक्रमाशी जुळत नाही. घंटा वाजवून प्रार्थना करण्याचा पोप तिसरे कॅलिक्स्टस यांचा आदेश जून १४५६ अखेरचा, विजय २२ जुलैचा; शिवाय आदेशातली वेळ दुपारची उपासना व सांज-उपासना यांच्या दरम्यानची होती, आणि हेतू संकटनिवारणाच्या याचनेचा. काही प्रदेशांत आदेश व विजयाची वार्ता मागोमाग पोहोचल्याने याचनेची घंटा आनंदाची ठरली असावी. फ्रान्समध्ये राजा अकराव्या लुईने १४७२ मध्ये शांततेसाठी मध्यान्हीची प्रार्थना सांगितली. आजच्यासारखा पाठ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेला दिसतो.

इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या १५३८ च्या आज्ञांनी ही घंटा बंद झाली. प्रॉटेस्टंट पंथांत ती सामान्यतः नाही. अँग्लिकन पंथाच्या कॅथलिक वळणाच्या शाखेत मात्र एकोणिसाव्या शतकात ती परतली. फ्रेंच चित्रकार मिले यांचे बटाट्याच्या शेतात मान लववून उभ्या राहिलेल्या जोडप्याचे चित्र (१८५७–५९) या प्रथेचे सर्वांत परिचित दर्शन होय, मग चित्र पाहणाऱ्याला प्रार्थना ठाऊक असो वा नसो. घंटा होताच आजी सगळ्यांना शेतातले काम थांबवायला लावी, ही आठवण त्यामागे असल्याचे मिले यांनीच नमूद केले आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ही प्रथा पोर्तुगीज अमलाबरोबर आली. गोव्यात संध्याकाळच्या आमोरीनंतर घरात तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणण्याची आणि धाकट्यांनी थोरांकडे ‘बेसांव’ (आशीर्वाद) मागण्याची रीत आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. भीमाशंकर व नाशिकचे नारोशंकर येथील घंटा त्यांपैकी मानल्या जातात.

पोप बारावे पायस यांनी १९५४ मध्ये रविवारी दुपारी लोकांसमवेत अँजेलस म्हणण्यास आरंभ केला आणि तो प्रघात सेंट पीटर चौकात आजही चालू आहे. पोप सहावे पॉल यांनी १९७४ मध्ये या प्रार्थनेचा साधेपणा व बायबलाधार दाखवून ती टिकवण्याचे आवाहन केले. आयर्लंडच्या सरकारी नभोवाणीवर १५ ऑगस्ट १९५० पासून अँजेलसची घंटा प्रसारित होते, पुढे ती दूरचित्रवाणीवरही आली. तेथे ती ठेवावी की नाही हा वाद अधूनमधून उठतो. दूरचित्रवाणीवर अलीकडे प्रार्थनेचे शब्द किंवा धार्मिक चित्रे नसतात. टोल्यांबरोबर रोजच्या जीवनातली दृश्ये दाखवतात.