जिवाणू-वाहकांचे डीकोलोनायझेशन

प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू पुष्कळदा धडधाकट माणसाच्या नाकात, त्वचेवर किंवा आतड्यात तळ ठोकून असतात. अशा वाहकाला काहीच त्रास नसतो. पण शस्त्रक्रियेची जखम झाली, सलाइनची किंवा लघवीची नळी लागली, की तेच जिवाणू आत शिरतात. संसर्ग होण्याआधीच त्यांचा तळ उठवण्याच्या उपचाराला डॉक्टर डीकोलोनायझेशन म्हणतात.

याची सर्वांत पक्की परीक्षा झाली ती एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस जिवाणूवर. त्याचे आवडते ठिकाण नाकपुडीचा पुढचा भाग; तिथे बोट पोहोचते, मलम पोहोचते. दक्षिण कॅलिफोर्नियात रुग्णालयातून घरी सोडलेल्या 2,121 वाहकांवर ‘क्लिअर’ ही चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला फक्त स्वच्छतेची माहिती दिली. दुसऱ्याला त्याखेरीज नाकात म्युपिरोसिन हे प्रतिजैविक मलम, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या द्रावणाने अंघोळ आणि त्याच औषधाच्या गुळण्या: दर महिन्याला दोनदा, पाच-पाच दिवस, असे सहा महिने. वर्षभरात एमआरएसएचा संसर्ग पहिल्या गटात 9.2 टक्के, तर दुसऱ्यात 6.3 टक्के लोकांना झाला. या चाचणीचे मोल असे, की तिने नाकात बोळा फिरवून केलेल्या तपासणीचा अहवाल नव्हे, तर प्रत्यक्ष आजारपण मोजले. बोळा आज स्वच्छ निघाला तरी जिवाणू काही आठवड्यांनी परतू शकतो. शिवाय म्युपिरोसिन सरसकट वापरले, तर त्यालाही न जुमानणारे जिवाणू वाढतात.

आतड्याचे गणित अवघड आहे. तिथल्या ईएसबीएल (अनेक प्रतिजैविके निकामी करणारे विकर बनवणाऱ्या) किंवा कार्बापेनेम या प्रभावी प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर मलम चालत नाही, आणि पोटातून प्रतिजैविक द्यावे तर उपकारक जिवाणूही मरतात. म्हणून जिनिव्हा, पॅरिस, युट्रेख्त आणि तेल अवीव येथे पाच दिवस कोलिस्टिन व निओमायसिन ही प्रतिजैविके देऊन नंतर निरोगी दात्याच्या विष्ठेतले जिवाणू आतड्यात सोडून पाहिले; याला विष्ठा-प्रत्यारोपण म्हणतात. चाचणी 39 रुग्णांवरच थांबवावी लागली. उपचार घेतलेल्यांपैकी 41 टक्के त्या जिवाणूंपासून मुक्त झाले, पण उपचार न घेतलेल्यांपैकीही 29 टक्के आपोआप झाले. एवढ्या थोड्या रुग्णांत हा फरक ग्राह्य धरता येत नाही. उपचार न दिलेला गट का लागतो, हे इथे लख्ख दिसते. युरोपीय तज्ज्ञांच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनी आतड्यातल्या अशा वाहकांवर सरसकट उपचार करण्याची शिफारस केली नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत, दुसऱ्या आजारांसाठी विष्ठा-प्रत्यारोपण केलेल्या दोन रुग्णांच्या रक्तात एकाच दात्याकडून आलेला ईएसबीएल प्रकारचा ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू सापडला आणि त्यांतला एक दगावला. त्या दात्याची विष्ठा या जिवाणूसाठी तपासलेलीच नव्हती. तेव्हापासून अमेरिकी औषध प्रशासनाने दात्यांची ही तपासणी आवश्यक ठरवली.