मिसिसिपीवाले दोन पिक्चर आणि त्यातली गफलत

परवा एका मित्राला म्हटलं, तो मिसिसिपीवाला पिक्चर बघ, वर्णद्वेषावरचा, एफबीआयचा तपास वगैरे, एकदम टाइट थ्रिलर आहे. त्याने रात्री बघितला आणि सकाळी फोन करून म्हणतो, अरे कुठला तपास नि कुठलं काय, इथे तर अर्धा वेळ नुसतं कोर्ट चाललंय. म्हणजे गडी दुसराच लावून बसला होता. त्याची तरी काय चूक म्हणा, एकाचं नाव 'मिसिसिपी बर्निंग' (1988), दुसऱ्याचं 'घोस्ट्स ऑफ मिसिसिपी' (1996), अमेरिकेतलं राज्य तेच, खूनही साठच्या दशकातलेच, आणि दोन्हीकडे हिरो गोराच.

पण खून वेगळे आहेत, तिथूनच सुरुवात करू.

'बर्निंग'च्या मागची केस 21 जून 1964 ची. कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला उत्तरेकडून पोरं मिसिसिपीत उतरली होती, तो 'फ्रीडम समर'. जेम्स चेनी (वय 21, तिथलाच कृष्णवर्णीय मुलगा), अँड्र्यू गुडमन (20) आणि मायकल श्वर्नर (24), हे दोघं न्यूयॉर्कचे ज्यू. नेशोबा काउंटीत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी टोळीने एक चर्च जाळलं होतं ते बघायला गेले, परत येताना डेप्युटी शेरिफने स्पीडिंगच्या नावाखाली पकडलं, रात्रीपर्यंत जेलमध्ये ठेवलं, सोडलं आणि मग पुन्हा गाठून क्लॅनच्या हवाली केलं. तिघांनाही गोळ्या घातल्या. गाडी जळालेली सापडली, पण मृतदेह मिळायला 44 दिवस लागले, एका फार्मवर नव्या बांधत असलेल्या मातीच्या बंधाऱ्यात पुरलेले.

'घोस्ट्स'मध्ये खून एकाच माणसाचा, मेडगर एव्हर्सचा. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा मिसिसिपीतला माणूस, वय 37. 12 जून 1963, मध्यरात्र उलटून गेलेली, काही तासांपूर्वीच केनेडींनी टीव्हीवर नागरी हक्कांचं भाषण केलेलं. एव्हर्स जॅक्सनमधल्या घरी आला, हातात 'जिम क्रो मस्ट गो' छापलेले टी-शर्ट होते (जिम क्रो म्हणजे काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणारे कायदे), गाडीतून उतरला आणि पाठीत गोळी. बायको-पोरं घरात जागीच होती. रायफल जवळच झुडपात सापडली, तिच्या दुर्बिणीवर बायरन डे ला बेकविथच्या बोटाचा ठसा होता.

आता खरा फरक, आणि इथेच लोकांचा जास्त घोळ होतो. बेकविथवर राज्याने खुनाचा खटला लगेच चालवला, 1964 मध्ये दोनदा, दोन्ही वेळा ज्युरी सगळे गोरे पुरुष आणि दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही. माजी गव्हर्नर भर कोर्टात येऊन आरोपीशी हात मिळवून गेले, म्हणजे वातावरण काय असेल बघा. पण एकमत न होणं म्हणजे निर्दोष सुटणं नव्हे, त्यामुळे पुन्हा खटला चालवायची वाट उघडी राहिली आणि त्याच वाटेने 1994 मध्ये त्याला जन्मठेप झाली. 'घोस्ट्स' ही त्या तिसऱ्या खटल्याची गोष्ट आहे.

नेशोबाच्या केसमध्ये राज्याने तेव्हा कुणावर खुनाचा खटलाच भरला नाही. खून हा राज्याच्या अखत्यारीतला गुन्हा, मग केंद्राने काय केलं, तर तिघांचे नागरी हक्क हिरावण्याचा कट रचला असा आरोप ठेवला, त्याला जास्तीत जास्त शिक्षा 10 वर्षं. 1967 मध्ये 18 पैकी 7 जण दोषी ठरले आणि सहा वर्षांच्या वर कुणी आत राहिलं नाही. ज्याने सगळी जुळवाजुळव केली तो एडगर रे किलन, अर्धवेळ धर्मोपदेशक, तो सुटला, कारण 11 जण दोषी म्हणत असताना एका बाईने सांगितलं की उपदेशकाला मी दोषी ठरवू शकत नाही.

'बर्निंग'मध्ये यातलं फारसं नाहीच. जीन हॅकमन आणि विलेम डॅफो हे एफबीआयवाले दहशतीने, अपहरणाने केस फोडतात, डेप्युटीची बायको गुपित सांगते. खऱ्यात म्हणतात एफबीआयने 30 हजार डॉलर मोजून माहिती काढली, बायकोबियको कुणी नाही. आणि तेव्हाची एफबीआय म्हणजे मार्टिन ल्यूथर किंगचे फोन टॅप करणारी एफबीआय, तिला असं हिरो केलं म्हणून किंगची बायको कोरेटा स्कॉट किंगपासून अनेक जण भडकले होते, रास्तच आहे. माझ्या डोक्यात मात्र एक छोटी गोष्ट बसली आहे. खऱ्या गाडीचं स्टिअरिंग चेनीच्या हातात होतं. पिक्चरमध्ये गोरा पोरगा चालवतोय आणि चेनी मागच्या सीटवर. तिघांची नावंही पिक्चर घेत नाही.

'घोस्ट्स' तथ्यांना बराच धरून आहे, फक्त सरकारी वकील बॉबी डीलॉटर (अ‍ॅलेक बॉल्डविन) मध्यभागी ठेवल्यामुळे एव्हर्सची बायको मर्ली कडेला जाते. हे मला पटत नाही, कारण पहिल्या खटल्याचं रेकॉर्ड कोर्टात मिळेना तेव्हा तिनेच 30 वर्षं जपलेली प्रत काढून दिली. पुराव्यातून हरवलेली ती रायफल कुठे मिळाली, तर डीलॉटरच्याच दिवंगत न्यायाधीश सासऱ्याच्या घरी! पटकथाकाराने रचलं असतं तर आपण हसलो असतो. पण पिक्चर म्हणून जरा सपक आहे, म्हातारा बेकविथ झालेला जेम्स वूड्स सोडून.

आणि दोन्हींचं नातं नावापुरतं नाही बरं का. 1989 मध्ये जॅक्सनमधल्या एका वर्तमानपत्राचा कोर्ट रिपोर्टर, जेरी मिचेल, 'बर्निंग'च्या शोला गेला, सोबत त्या केसवर काम केलेले निवृत्त एफबीआयवाले बसलेले. त्यांच्याकडून कळलं की त्या खुनांसाठी राज्याने कधी कुणावर खटलाच भरला नाही, त्याला ते पचेना. तो जुन्या फायली खोदायला लागला आणि हाती लागलं की दुसऱ्या खटल्यात राज्याच्याच एका आयोगाने बेकविथच्या वकिलांना ज्युरी पारखायला गुपचूप मदत केली होती. त्या बातमीनंतर एव्हर्सची केस पुन्हा उघडली, म्हणजे तथ्यात ढिसाळ असलेल्या पहिल्या पिक्चरमुळे दुसऱ्या पिक्चरची गोष्ट घडली. मिचेलने पुढे किलनचाही पिच्छा सोडला नाही. 21 जून 2005 ला, बरोब्बर 41 वर्षांनी, 80 वर्षांचा किलन मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला, 60 वर्षांची शिक्षा झाली, 2018 मध्ये तुरुंगातच वारला.

मित्राला आता 'बर्निंग' लावायला सांगितलंय. म्हटलं, सुरुवातीला गोऱ्यांचा आणि काळ्यांचा असे पाण्याचे दोन नळ दिसतील ते बघच, पण त्यानंतर रात्रीच्या रस्त्यावर गाडी येईल, तेव्हा स्टिअरिंगवर कोण आहे ते बघ आणि मला फोन कर.