दोन नद्यांच्या मधले लेमूर

मादागास्करच्या ईशान्येला आंतायनांबालाना नावाची नदी अँटोंगिल उपसागराला मिळते. तिच्या पूर्वेला, मासोआला द्वीपकल्पातल्या ओल्या जंगलात, तांबूस अंगाचा आणि मानेभोवती दाट केसांची झालर असलेला रफ्ड लेमूर, माकडांच्या दूरच्या नात्यातला प्राणी, राहतो. पश्चिमेला त्याचा काळापांढरा भाऊबंद. दोघेही उंच झाडांच्या शेंड्यावर फळे शोधतात, दोघांचा कलकलाट दूरवर ऐकू जातो. नदीचे रुंद पात्र मात्र दोघांनाही ओलांडता येत नाही. तांबड्या लेमुरासाठी अख्खे जग म्हणजे ते एक द्वीपकल्प.

लेमुरांची बहुतेक कहाणी अशीच आहे. मादागास्कर आकाराने महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट. त्यात शंभराहून अधिक जातींचे लेमूर राहतात आणि माणसाने शेजारच्या कोमोरो बेटांवर नेलेले थोडे सोडले, तर जगात दुसरीकडे कुठेही ते रानात सापडत नाहीत. पूर्वेला बारमाही पावसाचे जंगल, पश्चिमेला पानगळीचे, दक्षिणेला काटेरी झुडपांचे, आणि या सगळ्यांना कापत जाणाऱ्या नद्या. वाळवंटासारख्या कोरड्या काळात जंगल आक्रसले की एकेका खोऱ्यात अडकलेली टोळी वेगळी पडायची आणि हजारो पिढ्यांनी तिची वेगळी जात व्हायची. उंदराएवढ्या मूषक लेमुरांच्या १९८० च्या दशकापर्यंत दोनच जाती मानल्या जात. जनुकांचा अभ्यास सुरू झाल्यावर हा आकडा विसाच्या पुढे गेला.

ते तिथे आले कसे, हा प्रश्न आपल्यालाही जवळचा आहे, कारण मादागास्कर एकेकाळी भारताला चिकटलेले होते. उडुपीजवळ माल्पेच्या समुद्रात सेंट मेरी बेटांवर ज्वालामुखी खडकाचे उभे खांब दिसतात, ते याच ताटातुटीच्या वेळच्या लाव्हाचे, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीचे. दक्षिण भारतात लेमुरांचा दूरचा नातेवाईक लोरिस हा लहान निशाचर प्राणीही राहतो. त्यामुळे दोघांना जोडणारी भूमी समुद्रात बुडाली असावी, असे फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये सुचवले आणि तिला ‘लेमुरिया’ म्हटले. तशी भूमी नव्हती. भूखंड वेगळे झाले तेव्हा लेमूर जन्मालाच आले नव्हते. त्यांचे पूर्वज काही कोटी वर्षांनंतर आफ्रिकेतून, बहुधा पुरात उन्मळलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवरून, सुमारे ४०० किलोमीटरचा समुद्र तरून आले. त्या बेटावर माकडे नव्हती. माकडांनी करायची कामे लेमुरांनी वाटून घेतली. गोरिलाएवढे लेमूरही इथे होते. माणूस बेटावर आल्यानंतर, गेल्या दोन हजार वर्षांत, असे किमान सतरा प्रकारचे मोठे लेमूर संपले.

आज उरलेल्यांत सर्वांत मोठा आहे इंद्री, सहा ते साडेनऊ किलोंचा. पूर्वेकडच्या आंदासिबेच्या जंगलात पहाटे त्यांचे कुटुंब गाऊ लागते, नर-मादी मिळून. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी या गाण्याचे मोजमाप केले, तेव्हा सुरांमधली वेळेची अंतरे माणसाच्या संगीतासारख्या ठरावीक प्रमाणात, म्हणजे सारखी किंवा एकास दोन अशी, भरली. मला यापेक्षा मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: इंद्री पिंजऱ्यात जगत नाही. कुठल्याही प्राणिसंग्रहालयात तो टिकलेला नाही. रान गेले तर त्याला जपून ठेवायला दुसरी जागाच नाही.

जुलै २०२० मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने धोक्यातल्या जातींची लाल यादी सुधारली. लेमुरांच्या १०७ जातींपैकी १०३ धोक्यात होत्या आणि त्यांतल्या ३३ अतिसंकटग्रस्त, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी आधीच्या पायरीवर. इंद्री त्यातच आहे. मासोआलाचा तांबडा रफ्ड लेमूरही. त्याच यादीत बर्थबाईंचा मूषक लेमूर आहे, जगातला सर्वांत लहान प्रायमेट (माकडे, वानरे, लेमूर यांच्या गटातला प्राणी), वजन सुमारे ३० ग्रॅम. बर्थ राकोतोसामिमानाना या मादागास्करच्या अभ्यासक स्त्रीचे नाव त्याला दिले आहे. तो फक्त पश्चिमेला मेनाबे भागात, त्सिरिबिहिना नदीच्या दक्षिणेच्या कोरड्या जंगलात राहतो, आणि मका-भुईमुगासाठी तेच जंगल जाळले जात आहे. उत्तर टोकाला आंत्सिरानाना शहराजवळ एक स्पोर्टिव्ह लेमूर आहे. २०१२ च्या सुमारास त्याचे रानातले जेमतेम १९ प्राणी माहीत होते. पुढच्या शोधात आणखी काही डझन सापडले. त्याच्या रानातली झाडे शहराच्या चुलींसाठी कोळसा होऊन जातात.

मुलूख मोठा असला म्हणून कुणी सुरक्षित आहे असे नाही. आय-आय नावाच्या लेमुराचा वावर बेटाच्या पूर्व, उत्तर आणि पश्चिम भागांत आहे. काडीसारख्या बारीक मधल्या बोटाने खोडावर टकटक करून तो आतली अळी हेरतो, दातांनी लाकूड पोखरतो आणि त्याच बोटाने अळी ओढून काढतो. पण तो दिसणे अनेक गावांत अपशकुन समजतात आणि दिसताक्षणी मारतात. तोही संकटग्रस्त आहे. याउलट इंद्रीला मारणे कित्येक ठिकाणी ‘फादी’, म्हणजे निषिद्ध. बेटाबाहेरून आलेल्या कुठल्याही कायद्याच्या आधीपासून या रूढीने इंद्रीला सांभाळले. २००९ च्या राजकीय उलथापालथीत शिसवासारख्या किमती लाकडाची बेसुमार तोड झाली, तेव्हा जंगलात शिरलेल्या टोळ्यांना खाण्यासाठी लेमुरांची शिकारही वाढली.

रान जाळून भात पेरण्याला तिथे ‘तावी’ म्हणतात. आपल्या घाटातल्या कुमरी शेतीचाच तो प्रकार. सगळा दोष तावीवर ढकलणे मला अन्यायाचे वाटते. पोटाला पर्याय नसलेल्या शेतकऱ्याला फक्त बंदी सांगून जंगल वाचत नाही. आंदासिबेत स्थानिक वाटाड्यांनीच मित्सिंजो ही संघटना उभी केली. ती जंगल राखते, रोपे लावते, आणि पर्यटकांकडून मिळणारा पैसा गावात राहतो.

आग्नेयेला कियांजावातोत कामाची पद्धत आणखी वेगळी आहे. काळापांढरा रफ्ड लेमूर फळे गिळतो आणि बिया विष्ठेतून दूर टाकतो. तिथले कार्यकर्ते टोळ्यांच्या मागे फिरून त्या बिया गोळा करतात, गावातल्या रोपवाटिकांत त्या रुजवतात आणि तुटलेल्या जंगलांच्या मधल्या उघड्या डोंगरांवर गावकरी ती रोपे लावतात. हे पट्टे जोडले गेले की एका तुकड्यातल्या लेमुराला शेजारच्या तुकड्यात जोडीदार शोधायला जाता येईल.