पाइनचा तांबेरा : एका जनुकावर विसंबल्याची पार्श्वभूमी

पाऊस सरत आला की दादरला आमच्या सोसायटीतल्या चाफ्याचं पान उलटून बघावं. खालच्या बाजूला केशरी-पिवळे पुटकुळ्यांसारखे ठिपके असतात आणि बोट फिरवलं की हळदीसारखी पूड लागते. हा तांबेरा. पानं गळतात, पुढच्या पालवीला चाफा पुन्हा उभा. उत्तर अमेरिकेतल्या पाइनना मात्र याच बुरशीची नातलग थेट खोडाला धरते.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने डोंगरमाथ्यावरच्या व्हाइटबार्क पाइनला कायद्याने संकटग्रस्त जाहीर केलं. त्यामागचं सर्वांत मोठं कारण हा पाइनचा तांबेरा आहे. तो मूळचा आशियातला. आशियातले पाच सुयांचे (सुईसारखी पानं पाच-पाचच्या जुडग्यात येणारे) पाइन पिढ्यान् पिढ्या त्याच्यासोबत वाढले, म्हणून बहुतेक तग धरतात. उत्तर अमेरिकेत तो युरोपातून रोपांवर बसून गेला: पूर्वेकडे १९०० च्या सुमारास, तर पश्चिमेला १९१० मध्ये फ्रान्सहून कॅनडातल्या व्हँकूवरला आलेल्या रोपांबरोबर. म्हणजे जंगल लावायला मागवलेल्या रोपांनीच जंगलाचा रोग आणला. हे वाचताना मला आजही चुटपुट लागते.

ही बुरशी पाइनवरून थेट दुसऱ्या पाइनवर जात नाही. मधे तिला करवंदासारखी आंबटगोड फळं देणारी रायबीसची झुडपं लागतात. तिथून बीजाणू पाइनच्या सुयांवर येतात, सुईतून सालीत शिरतात, फांदीला आणि मग खोडाला वेढा घालतात. वेढा पूर्ण झाला की वरचं झाड वाळतं. म्हणून हजारो मजुरांनी डोंगर पालथे घालून रायबीसची कोट्यवधी झुडपं उपटली. उपयोग झाला नाही, पश्चिमेकडे १९६० च्या दशकात ती मोहीम गुंडाळली.

मग आशा वाटली ती जनुकाची. १९७० मध्ये वनवृक्षांच्या जनुकांचे अभ्यासक बोहन किन्लॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की शुगर पाइनच्या काही झाडांत एकाच प्रभावी जनुकामुळे रोग रोखला जातो. बुरशी सुईत शिरली की भोवतालच्या पेशी स्वतःच मरतात आणि तिची वाट बंद होते. असं जनुक असलेली झाडं थोडी, पण रोपं तयार करणं सोपं. कॅलिफोर्नियातल्या हॅपी कॅम्पला ती लावली गेली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथलीच प्रतिकारक झाडं आजारी पडू लागली. तिथल्या बुरशीत त्या जनुकाला चुकवणारा प्रकार तयार झाला होता. ओरेगॉनमधल्या वेस्टर्न व्हाइट पाइनच्या वेगळ्या जनुकाबाबतही असंच घडलं.

निफाडकडच्या गहू उत्पादकाला यात नवल वाटणार नाही. तांबेऱ्याला वाण बळी पडलं की तो पुढच्या हंगामात दुसरं वाण पेरतो. पाइनचा हंगाम शेकडो वर्षांचा! बुरशी वर्षाकाठी असंख्य बीजाणू उधळते. व्हाइटबार्कला शंकू धरायलाच कित्येक दशकं लागतात. एकाच कुलुपावर जंगल सोपवणं ही चूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता भर आहे तो अनेक जनुकांनी मिळून येणाऱ्या, रोग पूर्ण न रोखता मंदावणाऱ्या प्रतिकारावर. ओरेगॉनच्या डोरेना केंद्रात रोपं धुक्याने भरलेल्या खोलीत ठेवतात, वर जाळीवर रोगट रायबीसची पानं पसरतात आणि बीजाणू खाली पडू देतात. पुढची काही वर्षं एकेका रोपाच्या सुयांवरचे डाग आणि खोडावरची सूज नोंदवली जाते. जी उरतात, त्यांची मातृझाडं डोंगरात शोधून ठेवलेली असतात. बी तिथूनच आणतात.