कापराचं इंजेक्शन आणि मोडलेले मणके

जानेवारी 1934. बुडापेस्टच्या मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं न बोलता, न हलता पडून असलेल्या एका रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञ लास्लो मेदुना यांनी तेलात कालवलेल्या कापराचं इंजेक्शन दिलं. पाऊण तास काहीच घडलं नाही, मग जोरदार फिट आली. ती मिनिटभर टिकली आणि रुग्ण सुखरूप राहिला. गळाठले ते स्वतः मेदुना. त्यांना आधार देऊन खोलीवर न्यावं लागलं.

त्यांचा तर्क असा: अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) रुग्णांच्या मेंदूत ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी जास्त दिसतात, स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारात कमी. म्हणजे दोन्ही आजार एकमेकांचे वैरी. एक आणला की दुसरा हटेल. हे गृहीतक साफ चुकीचं निघालं. उपचाराने मात्र काहींना खरंच फरक पडला. 1937 साली मेदुनांनी 110 रुग्णांचे निकाल छापले, त्यात जवळपास निम्मे सुधारल्याचा दावा होता. पण आजार नवा असला तरच गुण चांगला यायचा, आणि असे काही रुग्ण औषधाविनाही सावरतात. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्या आकड्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. पहिला रुग्ण उठून बसला, बरा झाला, असं मेदुना पुढे सांगत. रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्यावर तो कायमचा बरा झालाच नव्हता असं दिसलं.

कापराचा भरवसा नव्हता. कधी फिट यायची, कधी नुसतीच मळमळ. म्हणून लवकरच कार्डियाझोल हे फिट आणणारं दुसरं औषध आलं. ते शिरेतून दिलं की मिनिटाच्या आत फिट. पण शुद्ध हरपण्याआधीचे ते काही क्षण! आपण आता मरतोय अशी भीती रुग्णाला घेरायची. पुढच्या खेपेला सुई बघूनच माणसं हातापाया पडत. माझ्या मते या उपचाराचं सर्वांत क्रूर अंग हेच होतं, फिटच्या झटक्यांनी हाडं मोडणं त्याच्यानंतर. तेही काही कमी नव्हतं म्हणा: 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 51 रुग्णांचे एक्स-रे काढले, तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक जणांचे मणके मोडलेले आढळले. अनेकांची तर पाठ दुखतही नव्हती.

त्याआधीच, 1938 मध्ये, रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी विजेचा शॉक देऊन फिट आणून दाखवली होती. शुद्ध लगेच जात असल्याने ती भीती टळली. हाडांसाठी 1940 मध्ये अमेरिकेत डॉ. बेनेट यांनी स्नायू सैल करणारं क्युरारे वापरलं. ज्या आजारासाठी हा खटाटोप सुरू झाला, त्यापेक्षा तीव्र नैराश्य आणि कॅटॅटोनियात (न बोलता, न हलता पडून राहण्याच्या अवस्थेत) शॉकचा गुण अधिक येतो, हे पुढे कळलं.

भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देण्यावर भारतात कायद्याने बंदी आली ती 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने.