सौर संचाची घरगुती वीजजोडणी (बडोदे)

गच्चीवरचा सौर संच वीज कंपनीच्या चालू जोडणीला समांतर जोडण्याची पद्धत. बडोद्यात वीज वितरण मध्य गुजरात वीज कंपनीकडे आहे. गुजरात विद्युत मंडळाचे विभाजन २००५ साली झाले, तरी दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची जुनी मराठी मंडळी वीज कंपनीला अजून ‘जीईबी’ (मंडळाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) असेच म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तीत ३ किलोवॉट व त्यापुढच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान मिळते. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणीही आता लागत नाही.

पॅनेलची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज इन्व्हर्टरमध्ये २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची एसी (दिशा बदलत राहणारी, घरात वापरतो ती) होते. तेथून ती निर्मिती मीटरमधून घराच्या मेन बोर्डावर येते आणि स्वतंत्र एमसीबीवर (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या खटक्यावर) जोडली जाते. जुना मीटर काढून त्या जागी दोन्ही दिशांची वीज मोजणारा नेट मीटर बसतो. ग्राहक पॅनेलच्या कंपनीची चौकशी आठवडाभर करतो, बोर्डाकडे मात्र कोणी पाहत नाही. जुन्या वाड्यांत लाकडी फळीवर चिनीमातीचे फ्यूज असतील, तर आधी तो बोर्ड बदलणे शहाणपणाचे. अर्थिंगचे खड्डे साधारणपणे तीन घेतात: डीसी बाजू, एसी बाजू आणि आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणारा वीजरोधक यांना प्रत्येकी एक.

गच्चीवरून खाली येणाऱ्या केबलची जाडी हा सर्वांत दुर्लक्षित भाग. घरात न खपलेली वीज बाहेर ढकलायची, तर इन्व्हर्टरला लाइनीपेक्षा थोडा जास्त व्होल्टेज द्यावा लागतो. ३ किलोवॉटला सुमारे १३ अँपिअर प्रवाह असतो. मेन बोर्ड ३० मीटरवर आणि तांब्याची तार २.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर या तारेतच जवळजवळ ६ व्होल्ट जातात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार व्होल्टेज ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ च्या वर गेला की संचाने दोन सेकंदांत जोडणी तोडायची असते. दुपारी लाइनीवरच २४८ असले, तर तारेतले ६ धरून इन्व्हर्टरपाशी २५४ होतात, ऐन उन्हात संच बंद पडतो आणि घरचे पॅनेलला दोष देतात. तार ६ चौरस मिलिमीटरची घेतली, की ही घट अडीच व्होल्टच्या आत येते. केबल पाइपातून न्यावी. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणात, गच्चीवर माणसे किती आणि मांजा किती, हे बडोदेकरांना सांगायला नको.

लाइट गेली की सौर संचही थांबतो. भर उन्हात घरात अंधार, ही तक्रार नव्या ग्राहकाची हमखास असते. खांबावर चढलेल्या लाइनमनला कोणाच्या गच्चीवरून शॉक बसू नये, यासाठी इन्व्हर्टर ही अट पाळतो. वीज गेल्यावरही घर चालवायचे असेल, तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. घरात आधीच बॅटरीचा इन्व्हर्टर असेल, तर सौर जोडणी त्याच्या अलीकडे, मेनच्या बाजूला करावी. त्याच्या आउटपुटवर केली, तर वीज गेल्यावर सौर संच त्यालाच लाइन समजून चालू राहू शकतो आणि उलटा प्रवाह जाऊन जुना इन्व्हर्टर जळतो.

बिल वाचताना दोन मीटरांचा घोळ होतो. समजा दिवसात १२ युनिट तयार झाले. त्यांतले ५ दुपारी घरातच खपले, ७ बाहेर गेले आणि संध्याकाळनंतर ६ बाहेरून घेतले. निर्मिती मीटरवर १२ दिसतात, नेट मीटरवर निर्यात ७ आणि आयात ६. बिलात १२ चा आकडा शोधून ‘कंपनीने पाच युनिट खाल्ले’ म्हणणारे अनेक असतात. ते पाच पंख्यांनी आणि फ्रिजनेच खाल्लेले असतात. बिलाच्या मुदतीत उरलेले युनिट कंपनी वीज नियामक आयोगाच्या दराने विकत घेते. हा दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच घेण्यात फायदा थोडाच. कपडे धुण्याचे यंत्र आणि पाण्याची मोटर दुपारी चालवणे त्याहून किफायतीचे.